प्रोब कधी काढायचा

आमच्या कंपनीत वाईट बातमी सांगायची असली की ती नाहिदकडे द्यायची, असा एक न लिहिलेला कायदा होता. कुणाची रजा नामंजूर झाली, कुणाच्या प्लॉटवर मावा पडला, कुणाला कायम करायचं नाही असं ठरलं, की साहेब लोक आपापल्या खोल्यांत जाऊन बसायचे आणि निरोप नाहिदच्या तोंडून यायचा. ती सांगायचीच अशी की ऐकणाऱ्याला आपलं नुकसान झालंय हे घरी गेल्यावर कळायचं. मला हा प्रकार पहिल्यापासून पटला नाही. मी शेतावरचा माणूस, पीक वाळलं तर वाळलं म्हणतो. पण माझ्या पटण्या-न पटण्याला त्या इमारतीत कोण विचारतंय.

मी भुजंग खरात. जालन्याच्या एमआयडीसीत बियाण्यांच्या ज्या अनेक कंपन्या आहेत, त्यांतल्या एकीत प्लॉटचा सुपरवायझर. नाहिद आमच्या प्रयोगशाळेत. राहणार परतूरची, रोज सकाळी रेल्वेनं जालन्याला यायची आणि संध्याकाळी परत. तिचे वडील नजीरभाई परतूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, हमालांचे मुकादम. पाठीवर पोती वाहून त्या माणसानं पोरीला केमिस्ट्रीत एम.एस्सी. केलं. नाहिद उंच, किडकिडीत, बोलताना मान जरा खाली घालणारी. शेतावरच्या बाया माती परीक्षणाला आल्या की त्यांच्यात बसून जेवायची आणि स्वतःच्या डब्यातलं अर्धं त्यांच्या डब्यांत घालायची. मी तिला म्हणायचो, तू जेवायला येतेस की वाढायला? ती हसायची आणि मलाही वाढायची.

नजीरभाईंना घशाचा कॅन्सर झाला तेव्हा रिपोर्ट वाचणारी घरात ती एकटीच. प्रत्येक रिपोर्ट तिनं बापाला चांगला म्हणून वाचून दाखवला. "अब्बा, बराबर हाय, गाठ कमी होऊन राह्यली." नजीरभाई शेवटपर्यंत पुढच्या ईदच्या गोष्टी करत गेले. मी परतूरला भेटायला गेलो तर सगळा मोहल्ला एकच सांगत होता, की पोरीनं बापाला सुखानं जाऊ दिलं. माझ्या डोक्यात मात्र वेगळंच घोळत होतं. नजीरभाईंचा सख्ख्या भावाशी कितीतरी वर्षांचा अबोला होता. बरा झालो की मंठ्याला जाऊन त्याला भेटतो, असं ते मला स्वतः म्हणाले होते. ते राहूनच गेलं. पण मोहल्ल्यानं कौतुक केलं, ऑफिसनं कौतुक केलं, आणि त्या कौतुकानं नाहिदचं वाटोळं केलं असं माझं स्पष्ट मत आहे.

आता तिच्या मशीनविषयी सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. त्याला एनएमआर म्हणतात. टेबलावर मावेल असा एक जड खोका. आत मोठं चुंबक, चुंबकाच्या पोटात एक भोक आणि त्या भोकात तारेच्या वेटोळ्याचा एक नळकांड्यासारखा भाग. तो प्रोब. काचेच्या नळीत करडईचं एक बी टाकून ती नळी प्रोबमध्ये सोडली की बियात तेल किती आहे ते समोर आकड्यात येतं. यातली मोठी गंमत अशी की बी मरत नाही. एरवी तेल मोजायचं तर बी कुटावं लागतं आणि कुटलेलं बी काही पेरता येत नाही. या मशीनमुळं मोजलेलं बी जिवंत बाहेर येतं. ज्यात तेल जास्त ते ठेवायचं, बाकीचं बाद करायचं आणि ठेवलेलं पेरायचं. बी निवडणाऱ्या माणसाला दुसरं काय पाहिजे?

तसा माणूस आमच्याकडे होता. डॉक्टर कडूबा गाढे. घनसावंगीकडच्या एका खेड्यातले, गोदाकाठचे. सगळं आयुष्य त्यांनी एका करडईवर घालवलं. आमच्या भागातून करडई का गेली हे कोणत्याही शेतकऱ्याला विचारा, तो आपले हात दाखवील. त्या झाडाला काटे. काढणीला मजूर मिळत नाही, मिळालाच तर दुप्पट मागतो आणि शिव्या देतो ते वेगळं. बिनकाट्याची करडई असते, पण तिच्यात तेल कमी. गाढे सरांना काटे नसलेली आणि तेलानं भरलेली करडई करायची होती. संकर झाले, पिढ्यामागून पिढ्या गेल्या, दर वर्षी हजारो बियांतून निवड. आणि काम ऐन हाताशी आलं तेव्हा सरांच्या दोन्ही किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. तिथून सुजलेला हात घेऊन सरळ प्रयोगशाळेत यायचे आणि नाहिदच्या शेजारच्या स्टुलावर बसायचे. "ह्या दसऱ्याला निवडलेलं बी पडलं की होळीला मी वाण बघतो," असं म्हणायचे. त्यापुढच्या होळीचं ते बोलत नव्हते आणि आम्हीही बोलत नव्हतो.

सरांची एक सवय सांगायलाच हवी. बी फाटकाबाहेर जाऊ द्यायचं नाही. जालन्यात बियाण्याचा धंदा करणाऱ्याला हे नवीन नाही. इथं मूठभर बी खिशातून गेलं की दोन वर्षांनी तोच वाण दुसऱ्याच्या पिशवीत दिसतो. सरांचं एकदा तसं झालेलं होतं. म्हणून बाद केलेलं बीसुद्धा बी म्हणून बाहेर जायचं नाही. दसऱ्याच्या आधी हे बाद बी आणि प्लॉटवरची इतर करडई अशी बाद मालाची पोती माझ्या समोर टेम्पोत चढायची, शिवाजी टेकाळेच्या लाकडी घाण्यावर जायची, आणि तेल होऊनच परत यायची. पेंड शिवाजीच्या म्हशींना, तेल आम्हा सगळ्यांना डब्या-डब्यांनी वाटून. आमची दिवाळी त्या तेलात तळली जायची. सर म्हणायचे, "बाद माल सांभाळून ठेवला की मन मागं ओढून राह्यतं." आम्हाला ते शहाणपणाचं वाटायचं.

आषाढात एका दुपारी मी बियांची पाकिटं घेऊन प्रयोगशाळेत गेलो तर नाहिद एकच बी पुन्हा पुन्हा नळीत टाकत होती. मला म्हणाली, "भुजंगभाऊ, बघा जरा. हेच बी, हीच नळी. आकडा दर बारीला येगळा येऊन राह्यला."

मी म्हटलं, "सकाळी तपासलं न्हाई का?"

"तपासलं ना. सकाळी बराबर दाखवतंय."

सकाळची तपासणी म्हणजे तेलानं भरलेली एक बंद नळी प्रोबमध्ये घालायची आणि ठरलेला आकडा येतो का ते बघायचं. त्या दिवशी तिनं मला जे समजावलं ते माझ्या भाषेत असं. प्रोब म्हणजे कान. तो बहिरा होत चालला होता. भरलेली नळी मोठ्यानं बोलते, ती बहिऱ्यालाही ऐकू येते. एकटं बी पुटपुटतं. ते ऐकू येईना, आणि मशीन ऐकू आलं नाही असं कबूल करत नाही, मनाला येईल तो आकडा सांगतं.

मशीनच्या इंजिनिअरला तिनं माझ्यासमोर फोन लावला. तो म्हणाला, वेटोळ्याचा जोड जातोय, प्रोब काढून पाठवा, भाग परदेशातून येतो, दिवाळी होईल. आज थोडंच बिघडलंय, पण वाढत जाईल, किती वाढेल ते मी सांगू शकत नाही. म्हणजे प्रोब काढला तर यंदा निवड नाही. निवड नाही तर पेरणी नाही, आणि बी पुढच्या वर्षापर्यंत कोठीत. बियाला काही होणार नव्हतं. वर्ष नव्हतं ते सरांकडे. मी म्हटलं, दुसऱ्या कुणाच्या मशीनवर मोजून आणू. ती म्हणाली, सर फाटकाबाहेर बी देतील का? खरंच होतं ते. मॅनेजरसाहेबांकडे गेली तर त्यांनी हात वर केले. "मशीन तुमचं आहे, तुम्ही ठरवा." मोठ्या हुद्द्याची माणसं अशा वेळी किती नम्र होतात ते बघण्यासारखं असतं.

त्याच दुपारी सर डायलिसिसहून आले. ओठ कोरडे, हाताला पट्टी. स्टुलावर बसले, दम घेतला आणि विचारलं, "नाहिद, दसऱ्यापोतर सगळं मोजून व्हईल ना?"

मी दाराशी उभा होतो. तिनं मशीनकडे बघितलं, मग माझ्याकडे. "व्हईल सर," ती म्हणाली.

झालं. प्रोब कधी काढायचा याचा निर्णय एवढाच झाला. मी तेव्हा तिथं बोलायला हवं होतं असं कुणी म्हणेल. माझं उत्तर असं की मशीन तिचं, समज तिची, आणि त्या माणसाचा चेहरा तुम्ही बघितला नव्हता.

त्यानंतर तिनं जी मेहनत केली तिला तोड नाही. सकाळी मशीन थंड असताना आकडे जरा ठीक येतात हे लक्षात आल्यावर ती आधीच्या गाडीनं येऊ लागली. एक बी तीनदा मोजायचं आणि मधला आकडा धरायचा, अशी युक्ती तिनं काढली. श्रावणात तीनदाचं पाचदा झालं. भादव्यात बी संपेना आणि दसरा जवळ आला, तेव्हा पाचदाचं पुन्हा तीनदा झालं. दर सकाळी ती बंद नळी घालायची, आकडा बरोबर यायचा, आणि तिचा चेहरा थोडा सैल व्हायचा. तिनं त्या नळीचा आसरा घेतला होता. मी एकदा विचारलं, "अजून बी काढता येतो ना प्रोब?" तर म्हणाली, "भाऊ, आता अर्ध्यावर आलोय. आता काढला तर झालेलं बी वाया." तेवढ्यात सर येताना दिसले, आणि मी त्यांच्यासाठी स्टूल पुढं ओढलं.

दसऱ्याच्या आधी निवड पुरी झाली. सरांनी निवडलेल्या बियांचं पाकीट तळहातावर घेतलं आणि बराच वेळ तोलत राहिले. बाद मालाची पोती मी टेम्पोत चढवली. शिवाजीच्या घाण्यावर नेहमीसारखा उभा राहिलो. त्या वर्षी तेल जास्त उतरलं. शिवाजी म्हणाला, "गाढे सरांचा बाद माल यंदा लई भारी हाय." मी हसलो. नाहिद आपला डबा घेऊन परतूरला गेली. दसरा झाल्याबरोबर तिनं प्रोब काढून खोक्यात घातला आणि पाठवून दिला.

पीक छान आलं. एकही झाड काटेरी नाही. पौषात सरांना गाडीतून प्लॉटवर आणलं. मी आणि ड्रायव्हरनं दोन्हीकडून धरलं. सर वाकले आणि उघड्या हातानं झाडांच्या रांगेवरून तळवा फिरवत गेले. मग हात उलटा करून मला दाखवला, ओरखडा नाही. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. नाहिद मागे उभी होती. मी तिला हाक मारली तर ती पुढे आली नाही.

प्रोब दुरुस्त होऊन आला तो काढणीच्या सुमारास. तिनं तो मशीनमध्ये बसवला आणि नव्या पिकाचं बी मोजायला लागली. त्या दिवशी मला शेतावर फोन आला, लगेच या. गेलो तर ती खुर्चीत नव्हती, खिडकीपाशी जमिनीवर बसली होती. नव्या पिकात तेल वाढलेलं नव्हतं. मागच्या पिढीत जेवढं होतं तेवढंच, कुठे कमीच. निवडलेल्यातलं पेरून उरलेलं थोडं बी तिनं मुद्दाम ठेवलं होतं, ते मोजलं. ज्यांचे आकडे सगळ्यांत वर होते त्या बिया साध्याच निघाल्या. प्रोबच्या गडबडीत ज्या बियांना मोठा आकडा लागला, त्यांना आम्ही निवडलं होतं. लॉटरी लागावी तसं.

"मंग खरं तेलाचं बी कुठं गेलं?" मी विचारलं. विचारल्यावर कळलं, की हा प्रश्न विचारायला नको होता. मला टेम्पो आठवला, शिवाजी आठवला. घरातला डबा तर अजून संपलाही नव्हता.

"अर्धं तरी घाण्यात गेलं असंल," नाहिद म्हणाली. ती रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं.

करडई मेली असं नाही म्हणता येणार. नव्या पिकातून पुन्हा निवड करता आली असती, दोन-तीन पिढ्यांनी पुन्हा तिथवर आलो असतो. पण वरून हुकूम आला, करडईचं काम बंद, प्लॉट कपाशीला द्या. सर असते तर भांडले असते. सर होते, पण आता खाटेवरून उठत नव्हते.

मी नाहिदला म्हटलं, सांगू नकोस. होय, मीच म्हटलं, जन्मभर सरळ बोलण्याचा तोरा मिरवणाऱ्यानं. आता सांगून काय बदलणार होतं? ती म्हणाली, "भाऊ, अब्बांना मी शेवटपोतर खोटं सांगितलं. लोक चांगलं म्हणले. मला एक रात बी झोप लागली न्हाई त्यानंतर. सरांना खोटं न्हाई सांगणार."

आम्ही त्यांच्या जालन्याच्या घरी गेलो. पुष्पाबाई, सरांच्या पत्नी, आत चहा ठेवायला गेल्या. नाहिद खाटेजवळ बसली आणि तिनं सगळं सांगितलं. आषाढातला फोन, बंद नळी, मधला आकडा, घाणा. पहिल्यांदाच ती काहीही मऊ न करता बोलत होती. सर डोळे उघडे ठेवून ऐकत होते.

"तुला आषाढातच म्हाईत व्हतं," ते म्हणाले.

"व्हय सर."

"मला का न्हाई इचारलं?"

"तुमच्याकडं बघून सर... मला वाटलं एक वर्ष बी..."

सरांचा आवाज चढला नाही. चढायला ताकदच नव्हती. "माझ्याशी येवढं चांगलं वागायचं तुला कुणी सांगितलं व्हतं? मी एक वर्ष थांबलो असतो. मेलो असतो तर बी तसंच राह्यलं असतं कोठीत. दुसऱ्यानं कोणी पेरलं असतं." मग त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. पुष्पाबाई चहा घेऊन आल्या तेव्हा आम्ही उठलो होतो. त्यांना वाटलं सरांना झोप लागली.

मला सरांचा राग आला होता, हे लपवत नाही. जिनं त्यांच्यासाठी पहाटेच्या गाड्या धरल्या तिला एवढं बोलायचं? पण घरी येऊन विचार केला तेव्हा त्यांच्या बोलण्यात एकही चूक सापडली नाही. तेच जास्त वाईट होतं. नाहिद नंतर दोनदा त्यांच्या घरी गेली. दोन्ही वेळा सर झोपलेत असं कळलं आणि ती परत आली.

चैत्रात सर गेले. माती त्यांच्या गावी झाली. दहाव्यानंतर मी आणि नाहिद काळीपिवळी जीपनं घनसावंगीला आणि तिथून पुढे गावात भेटायला गेलो. ओसरीवर सतरंजी टाकली होती, नात्यातली माणसं बसली होती. पुष्पाबाई येऊन नाहिदजवळ बसल्या, तिचा हात हातात घेतला.

"पोरी, तुझं नाव लई घ्यायचे गं ते," त्या म्हणाल्या. "येक सांग मला. ते करडईचं जमलं व्हतं ना त्यांचं? माझ्याजवळ काही बोलले न्हाईत. सारी जिनगानी त्याच्यातच गेली बघ."

ओसरीवरची सगळी माणसं नाहिदकडे बघू लागली. मला वाटलं, आता म्हण हो. देवाशपथ, मला तसंच वाटलं. एका म्हाताऱ्या बाईला हो म्हणायला काय जातं? करडई तर कुणी पेरणार नव्हतं.

"न्हाई काकू," नाहिद म्हणाली. "जमत आल्तं. माझ्याकडनं बिघडलं."

पुष्पाबाईंनी हात सोडला नाही. नुसतं विचारलं, "त्यांना म्हाईत व्हतं हे?"

"व्हय. मी सांगितलं. शिमग्यानंतर आल्तो ना आम्ही, तवा."

पुष्पाबाईंनी तिच्या तोंडाकडे बघितलं. मनातल्या मनात त्या काहीतरी जुळवत होत्या, ते आम्हा सगळ्यांना दिसत होतं.

"त्या दिवसापासून बोलणं टाकलं व्हतं त्यांनी," त्या म्हणाल्या. "माझ्याशी बी, पोरांशी बी. शेवटपोतर येक शब्द न्हाई. मी म्हणलं, माझंच काई चुकलं असंल. पाय धरले मी त्यांचे."

त्यांनी नाहिदचा हात हळूच तिच्या मांडीवर ठेवला, उठल्या आणि आत गेल्या. थोड्या वेळानं सुनेनं पाणी आणून दिलं. आम्ही संध्याकाळच्या जीपपर्यंत ओसरीवर बसून राहिलो. त्या काही बाहेर आल्या नाहीत.